नानासाहेबांचं अर्धं वाक्य

नानासाहेबांना वाक्य पूर्ण करता येत नसे, आणि त्यांच्या यशाचं खरं कारण तेच होतं. ही गोष्ट शहरात फक्त दोघांना ठाऊक होती. एक त्यांची थोरली बहीण. ती गल्लीतल्या प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका, सगळ्या शहराची ‘बाई’, आणि नानासाहेबांना सगळं जग साहेब म्हणू लागल्यावरही ती नान्याच म्हणायची. दुसरा तिचा नवरा. त्यांचं फोटोंच्या फ्रेमा करायचं दुकान होतं. नानासाहेब त्यांना रीतसर दाजी म्हणत, म्हणून हळूहळू अख्खं शहरच त्यांना दाजी म्हणू लागलं. एवढे मेहुणे कुणाला मिळतात? पण दाजींची त्याबद्दल तक्रार नव्हती.

या सगळ्याची सुरुवात शाळेच्या मैदानात झाली. नानासाहेब तेव्हा नगरसेवकाच्या निवडणुकीला पहिल्यांदा उभे होते आणि शब्दशःही उभे होते, शाळेच्याच एका टेबलावर. भाषण आरशासमोर घोकून आणलेलं. चार वाक्यं बरी गेली. मग ते म्हणाले, “मी निवडून आलो, तर सगळ्यात आधी माझ्या ताईच्या या शाळेचं गळकं छप्पर…” आणि पुढचं साफ विसरले. हात चष्म्याकडे गेला, चष्मा काढला, पुन्हा घातला. मैदान गप्प. पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या दाजींना मेहुण्याची दया आली. त्यांनी टाळी वाजवली.

दाजींचे तळवे म्हणजे वर्षानुवर्षं करवत आणि पटाशी धरून राठ झालेल्या फळ्या. फळीवर फळी आपटावी तसा आवाज झाला. आता टाळीचं कसं असतं, पहिली वाजवणारा लागतो, बाकीचे मग आपला हात रिकामा दिसू नये म्हणून वाजवतात. सगळं मैदान कडाडलं. आवाज विरेपर्यंत नानासाहेबांना निदान ‘धन्यवाद’ आठवलं होतं. तेवढं म्हणून ते टेबलावरून खाली उतरले.

घरी जाताना लोक एकमेकांना सांगत होते, की नाना छप्पर दुरुस्त करणार. काही म्हणाले, दुरुस्त कसलं, नवीनच घालणार. एक कानाने अधू आजोबा म्हणाले, शाळा पाडून तिथे बाग करणार, आणि त्यांनीही मत नानांनाच दिलं. ज्याला जे हवं होतं ते ज्याने त्याने त्या अर्ध्या वाक्यात भरून घेतलं. नाना भरघोस मतांनी निवडून आले.

हुशार माणूस अपघातातून शिकतो. नानासाहेबांनी पुन्हा कधी वाक्य पूर्ण करण्याची चूक केली नाही. “या शहरातला कचरा…” म्हणायचं, चष्म्याला हात लावायचा, की पहिल्या रांगेतून दाजींची टाळी. “तरुणांच्या हाताला…” टाळी. “आणि विरोधकांना मी एवढंच सांगतो, की…” याला तर लोक उभे राहून वाजवत. पुढे काय सांगतो हे विचारायला मागे कुणी थांबत नसे. दाजींचं दुकान सभेच्या दिवशी बंद. गिऱ्हाईक कुरकुरलं की दाजी म्हणत, “काय करणार, घरचं कार्य आहे.” खोटं कशाला बोला, दाजींना त्यात मजाही यायची. फ्रेमेत बसवलेल्या फोटोकडे लोक बघतात, फ्रेमेकडे कोण बघतं? पण इथे त्यांनी हात उचलला की हजार हात उठत.

नानासाहेब नगरसेवकाचे समितीचे सभापती झाले, सभापतींचे महापौर झाले. दर वेळी खुर्चीतला नवा फोटो दाजींच्याच दुकानात फ्रेम व्हायचा, आणि दर वेळी फ्रेम मागच्यापेक्षा रुंद. शाळेचं छप्पर मात्र तेच होतं. दर निवडणुकीत त्याचा उल्लेख होई, दर वेळी तितक्याच जोराची टाळी पडे. चौथीच्या वर्गात बाई बादल्या मांडून शिकवत, आणि गिलाव्याचा पोपडा पडला की मुलं न सांगता बाक सरकवून घेत.

नानासाहेब महापौर असताना दाजींनी एकदा विषय काढून पाहिला होता. नानासाहेब गंभीर झाले. “दाजी, मी महापौर. आधी स्वतःच्या बहिणीच्या शाळेला हात लावला तर लोक काय म्हणतील? नात्यागोत्याचं बघतो म्हणतील. मला तत्त्वं आहेत.” तत्त्वं होतीच. शहरातल्या सगळ्या वाहनतळांचा ठेका बायकोच्या भावाकडे होता, तेव्हा ती तत्त्वं बहुधा गावाला गेली असावीत.

ज्या महिन्यात नानासाहेब राष्ट्रीय सभागृहावर निवडून आले, त्याच महिन्यात शिक्षण खात्याचा तपासनीस शाळेत आला. त्याने चौथीच्या वर्गात मान वर करून पाहिलं आणि तशीच मान वर ठेवून तो मागे मागे चालत बाहेर पडला. संध्याकाळी बाईंनी ताटं घेता घेता दाजींना सांगितलं, “वर्गाला कुलूप लावून गेला. पुढच्या वर्षापर्यंत चौथीला पक्कं छप्पर दाखवा म्हणाला, नाहीतर शाळाच बंद. मुलं हमरस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवणार.”

“तो रस्ता ओलांडून?” दाजी म्हणाले. त्या रस्त्यावरून मालाचे ट्रक असे जात की मोठी माणसंही देवाचं नाव घेऊन पाऊल टाकत.

“तो रस्ता ओलांडून. निम्म्यांचे आईबाप पाठवणारच नाहीत. मुलींचे तर नाहीच.” बाईंनी भात वाढला. “तुम्हाला एक विचारू? इतकी वर्षं तुम्ही टाळी वाजवताय. नान्या त्या वाक्यात पुढे काय म्हणतो, ते ऐकलंय कधी?”

“पुढे तो काही म्हणतच नाही.”

“टाळी नसती तर म्हणाला असता.”

दाजींचा घास हातातच राहिला. बाई भांडायच्या तेव्हा दाजींना बरं वाटे, कारण भांडणाला उत्तर देता येतं. आज त्या भांडत नव्हत्या. दाजींना स्वतःच्या हातांची लाज वाटली, आणि ते उगाचच हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी ते नानासाहेबांच्या बंगल्यावर गेले. सामानाची बांधाबांध चालली होती. दाजींनी सगळं सांगितलं. कुलूप, तपासनीस, ट्रक. नानासाहेबांचे डोळे चमकले. “दाजी, माझं सभागृहातलं पहिलंच भाषण याच विषयावर. तुम्ही प्रेक्षकांच्या सज्जात हवेत, तिकिटाची सोय मी करतो. आणि ताईला सांगा, की तिच्या भावाने…” हात चष्म्याला लागला. खोलीत दोघांशिवाय कुणी नव्हतं, तरी दाजींचे हात सवयीने अर्ध्यापर्यंत वर आले.

राजधानीतलं ते सभागृह इतकं उंच होतं, की त्याच्या छपराकडे पाहून दाजींना चौथीचा वर्ग आठवला. सज्जाच्या दारात गणवेशातल्या शिपायाने सगळ्यांना नियम सांगितले. बोलायचं नाही, खोकायचं नाही, आणि काही झालं तरी टाळी वाजवायची नाही. वाजवली की बाहेर. “हात गुडघ्यांवर,” तो दाजींचे पंजे बघत म्हणाला. त्याला त्यांची लक्षणं बहुधा कळली असावीत.

हा नियम खाली बसलेल्या नानासाहेबांना कुणी सांगितला नव्हता.

दुपारची जेवणं होऊन गेली होती. निम्मे सदस्य कागद वाचत होते, निम्मे वाचता वाचता झोपले होते. नानासाहेब उभे राहिले. सुरुवात झोकात झाली. “अध्यक्ष महोदय, माझ्या शहरात एक छोटीशी शाळा आहे. तिचं छप्पर किती वर्षं असं धोकादायक आहे. आणि त्या छपराखाली, अध्यक्ष महोदय, ती चिमुकली मुलं…”

हात चष्म्याला लागला. नजर सज्जाकडे गेली.

दाजींचे हात गुडघ्यांवर होते. शिपाई शेजारीच उभा होता. टाळी वाजवली असती तर दाजी बाहेर गेले असते, एवढंच. मेहुण्यासाठी त्यांनी तेवढं केलंही असतं. पण बाईंचा प्रश्न डोक्यात होता. या वेळी पुढचं ऐकू या, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

पुढे काहीच आलं नाही. नानासाहेबांनी चष्मा काढला. पुन्हा सज्जाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या अर्ध्या वाक्याला कुणी सावरलं नव्हतं. घाबरून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी मान खाली घातली. त्या शांततेने समोरच्या बाकावरचे एक वयोवृद्ध सदस्य दचकून जागे झाले. त्यांनी पाहिलं, एक माणूस ओल्या डोळ्यांनी, मान खाली घालून उभा आहे आणि सभागृह चिडीचूप. एवढ्या वर्षांच्या अनुभवी माणसाला अधिक काय सांगायचं? ते हळूच उठून उभे राहिले आणि त्यांनीही मान खाली घातली. त्यांना पाहून शेजारचे उठले. मग अख्खी रांग. मग दुसऱ्या बाजूच्यांना वाटलं, आपण बसून राहिलो तर उद्या छापून येईल. शेवटी अध्यक्षही उठले.

मोठ्या माणसांची टाळी काय आणि शोक काय, पहिला उठणारा लागतो.

“या निष्पाप बालकांच्या दुर्दैवी अंताबद्दल,” अध्यक्ष जड आवाजात म्हणाले, “हे सभागृह तीव्र दुःख व्यक्त करतं.” सगळे खाली बसले. नानासाहेबही बसले. कुणी मेलेलं नाही, हे सांगायला त्यांना भरपूर वेळ होता. पण ते पूर्ण वाक्य झालं असतं.

बाहेर दालनात दाजींनी त्यांना गाठलं. “नाना, अहो मुलं सगळी जिवंत आहेत!”

“मी कुठे म्हटलं गेली म्हणून?” नानासाहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं. तेवढ्यात तीन वार्ताहर धावत आले आणि नानासाहेबांनी पुन्हा चष्मा काढला.

महिना उलटायच्या आत हे संवेदनशील नेतृत्व उपमंत्री झालं. शहरातल्या वर्तमानपत्राच्या संपादकाची नात चौथीतच होती, रोज त्याच्या मांडीवर बसून पाढे म्हणायची. पण राष्ट्रीय सभागृहाने उभं राहून श्रद्धांजली वाहिलेली मुलं जिवंत आहेत असं छापणं म्हणजे सभागृहाचा अवमान, असं त्याला वकिलाने सांगितलं. नातीचे पाढे चालू राहिले आणि त्याची लेखणी बंद.

दाजींना वाटलं होतं, बाई आता आकाशपाताळ एक करतील. पण त्यांना वेळ कुठे होता? कुलूप लागल्यापासून चौथी व्हरांड्यात बसत होती. तिथेच एक दिवस राजधानीतला अधिकारी येऊन पोचला. काळी पट्टी दंडाला, आवाज मऊ. दाजी तेव्हा खिडकीची काच बसवायला शाळेत आले होते, म्हणून त्यांनी सगळं ऐकलं.

“बाई, सरकार तुमच्या दुःखात सहभागी आहे.”

“आमच्याकडे कुणी गेलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “ही काय बसलीयेत समोर.”

अधिकाऱ्याने मुलांकडे पाहिलं, मग बाईंकडे कणवेने पाहिलं. “धक्का बसलेली माणसं असंच म्हणतात. आम्ही समजू शकतो. या अंगणात सरकार एक स्मारक उभारणार आहे.”

“स्मारक राहू दे. चौथीचं छप्पर घालून द्या.”

“छप्पर महापालिकेच्या अखत्यारीत येतं, बाई. राष्ट्राच्या अखत्यारीत फक्त स्मारक येतं.”

दाजींना वाटलं, आता हा माणूस फाटकाबाहेर फेकला जाणार. पण बाई गप्प झाल्या. वर्गात अवघड गणित आलं की त्या अशा गप्प होत, आणि मग मुलं श्वास रोखून बसत. जरा वेळाने त्यांनी विचारलं, “तुमच्या त्या स्मारकाला छप्पर असतं का?”

“असतं ना. भव्य. पक्क्या काँक्रीटचं.”

“मग बांधा. पण तीन बाजूंनी भिंती हव्यात. वारा येतो… म्हणजे, लोकांना एकांत मिळायला हवा.”

“उत्तम सूचना,” अधिकारी टिपून घेत म्हणाला.

“आणि समोरची भिंत सगळी काळी हवी. शोकाचा रंग. पण चकचकीत नको, खरखरीत ठेवा.”

“वा. फार खोल विचार आहे.”

“बसून चिंतन करायला बाक लागतील. ठेंगणे करा. मुलांची आठवण आहे ना.”

अधिकाऱ्याने ते दोनदा अधोरेखित केलं. दाजींच्या हातातून काच निसटता निसटता राहिली. संसाराला एवढी वर्षं झाली, तरी या बाईला आपण अजून पुरतं ओळखलेलं नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला.

ज्या शहरात एका वर्गाचं छप्पर दुरुस्त करायला महापालिकेला जन्म पुरला नाही, तिथे स्मारक सुट्टी संपायच्या आत उभं राहिलं. उद्घाटनाला उपमंत्री नानासाहेब येणार होते. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. “दाजी, पहिल्या रांगेत. इथे टाळीला बंदी नाही, मी विचारून घेतलंय.”

अंगण माणसांनी फुललं होतं. स्मारकाच्या उघड्या बाजूला मोठा पडदा लावला होता. व्यासपीठावर पाहुणे, समोर कॅमेरे, आणि पहिल्या रांगेत दाजी. बाईंची खुर्ची रिकामी होती. नानासाहेबांनी बहिणीला शोधत इकडेतिकडे पाहिलं आणि बोलायला उभे राहिले.

“आज मला माझ्या ताईची ती चिमुकली मुलं…” ते म्हणाले, आणि दोरी ओढली. पडदा सरकला.

आत चौथीचा वर्ग भरला होता. ठेंगण्या बाकांवर मुलं ओळीने बसलेली, पुढ्यात पाट्या. काळ्या भिंतीवर खडूने तारीख लिहिलेली, खाली भागाकार. बाई भिंतीपाशी उभ्या राहून हजेरी घेत होत्या. “हजर,” एक आवाज आला. “हजर बाई,” दुसरा. संपादकाची नात तर इतक्या जोरात ‘हजर’ म्हणाली की मागच्या रांगेत तिचा आजोबा खुर्चीतच आक्रसला. पाहुण्यांमधला तो अधिकारी दंडाच्या पट्टीकडे बघत राहिला.

नानासाहेबांचा हात चष्म्याकडे गेला. नजर दाजींकडे वळली.

सगळं शहर तिथे होतं. एक टाळी वाजली असती, तर हजार वाजल्या असत्या, त्या आवाजात हजेरी बुडाली असती, आणि टाळ्या विरेपर्यंत नानासाहेबांना काहीतरी सुचलं असतं. दाजींनी दोन्ही हात खिशात घातले. मेहुणा शेवटी आपला होता, आणि तो घामाने भिजलेला त्यांना दिसत होता. तरी त्यांनी हात बाहेर काढले नाहीत.

कॅमेरे चालू होते. कुणीतरी उठून उभं राहतंय का, म्हणून नानासाहेबांनी आशेने मागे पाहिलं. कुणी उठलं नाही. मुलं समोर हसत बसलेली असताना श्रद्धांजली तरी कशी वाहणार?

बाई खडू हातात घेऊन वळल्या. नान्या पहिलीत असताना ज्या आवाजात त्या त्याचा अभ्यास घ्यायच्या, त्याच आवाजात म्हणाल्या, “नान्या, वाक्य पूर्ण कर.”

उपमंत्र्यांनी चष्म्यावरचा हात खाली घेतला. “ती मुलं,” ते म्हणाले, “जिवंत आहेत.” मग थांबले. बाई अजून त्यांच्याकडेच बघत होत्या. “आणि त्यांचं छप्पर घालायचं मी… मी घातलं नाही.”

मनापासून होतं की भीतीने, मोठं होतं की लहान, ते कुणी तोललं नाही. पण ते अखेरपर्यंत गेलेलं वाक्य होतं. बाईंनी मान डोलावली, जशी बरोबर उत्तर दिलेल्या मठ्ठ मुलाकडे बघून डोलावत, आणि त्या भागाकाराकडे वळल्या.

तेव्हा दाजींनी खिशातून हात काढले आणि टाळी वाजवली. कुणी खूण केली नव्हती.

पुढे काय झालं म्हणाल, तर जे व्हायचं तेच झालं. ‘प्रांजळ कबुलीचा राजकारणी’ म्हणून नानासाहेबांचं देशभर कौतुक झालं आणि उपमंत्र्यांचे ते मंत्री झाले. अशा माणसांचं काही बिघडत नसतं, पडले तरी मऊ गादीवर पडतात. तपासनीस पुन्हा आला. त्याने मान वर करून पाहिलं, आणि या वेळी सरळ पावलांनी परत गेला. राष्ट्रीय स्मारकाला कुलूप लावण्याचा अधिकार त्याच्या खात्याला नव्हता.

मंत्रिपदाच्या शपथेचा फोटो दाजींच्या दुकानात आला, सगळ्यात रुंद फ्रेम लावा अशी चिठ्ठी घेऊन. दाजींनी तो भिंतीला टेकवून ठेवला, कारण आधी शाळेचं काम होतं. स्मारकाच्या दर्शनी भागावर संगमरवरात कोरलं होतं, ‘त्या चिमुकल्यांच्या स्मृतीस’. पाऊस आडवा आला की त्या बाजूने पाणी आत यायचं आणि पहिला बाक भिजायचा. दाजींनी तिथे काचेचं तावदान बसवून दिलं. आत सत्ताविसाचा पाढा चालला होता, आणि मुलं एकदाही वर बघत नव्हती.